अकरा सेकंदांचा वेटर

माझं चष्म्यांचं दुकान आहे. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, भिंग बदलायचं आणि विचारायचं, "आता बरं दिसतंय की मघाशी?" बावीस वर्षं हेच चाललंय. समोर असतं ते आणि दिसतं ते यांत फरक असतो, आणि तो बहुतेक वेळा पाऊण नंबरात भरून काढता येतो, एवढी अक्कल या धंद्याने मला दिली. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकून कोणी मला हळवी समजायला नको.

माझे बाबा छत्तीस वर्षं एका थिएटरात ऑपरेटर होते. प्रोजेक्टरचं मशीन चालवायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, पायांतलं बळ गेलं आणि वाचाही गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून नुसता 'अं' निघायचा. एके काळी केबिनच्या खिडकीतून ते "ए, गप्प बसा!" म्हणाले की बाल्कनीतल्या शिट्ट्या थांबायच्या. तोच माणूस आता पाणी हवं असलं तरी बोटाने खुणावत होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यांच्याशी बोलत राहा. उत्तराची वाट बघू नका." तेव्हापासून दर रविवारी दुपारी चार वाजता आमच्याकडे जुन्या सिनेमांची बैठक बसायला लागली. पडदे ओढायचे, भिंतीवर चित्र पाडायचं आणि बाबांची खुर्ची मधोमध ठेवायची.

येणारे तिघं. बॅटरीकाका बाबांच्याच थिएटरात डोअरकीपर होते. अंधारात बॅटरी मारून लोकांना खुर्चीपर्यंत न्यायचे, म्हणून ते नाव पडलं. प्रत्येक सिनेमा त्यांनी दोनेकशे वेळा पाहिला होता, पण उभ्याने आणि दारातून. दुसरे मास्तर. तरुणपणी ते सिनेमाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचे. आणि तिसऱ्या सिस्टरमावशी, आमच्या शेजारच्या निवृत्त नर्स. त्यांचा सगळा जीव एका खळीवाल्या नायकावर होता.

"अहो, तो काय अभिनय करायचा? नुसती मान वाकडी करायचा," बॅटरीकाका म्हणायचे.

"तुम्ही आयुष्यभर दारात मान वाकडी करून बघितलंत, म्हणून तुम्हाला तो तसा दिसला," मावशींचं उत्तर तयार.

यावर बाबांचे खांदे गदागदा हलायचे. त्या हलणाऱ्या खांद्यांसाठी मी आठवडाभर रविवारची वाट बघायची.

बैठकीचा लाडका होता जहाजाचा सिनेमा. खरं नाव कोणी घेतच नसे. "आज जहाज लावू या का?" एवढंच म्हणायचं. त्यात जहाजाच्या डेकवर मेजवानी चालू असते आणि नायिका कठड्याला टेकून गाणं म्हणते. त्या गाण्यात मधे अकरा व्हायोलिनांचा एक तुकडा आहे. त्यातलं सातवं व्हायोलिन मास्तरांचं. "हे बघा, इथे, इथे!" असं करत ते डोळे मिटायचे. आम्हाला कधीच काही वेगळं ऐकू आलं नाही, पण आम्ही माना डोलवायचो.

त्याच तुकड्यात नायिकेच्या मागून एक वेटर जातो. हातात ग्लासांचा ट्रे. एका म्हाताऱ्या पाहुण्यापाशी थांबतो, वाकतो, काहीतरी बोलतो आणि निघून जातो. वरून गाणं चालू असल्यामुळे त्याचं वाक्य कोणीच ऐकलेलं नाही. श्रेयनामावलीतही तो नाही. दिसतो तो अकरा सेकंद. मी नंतर घड्याळ लावून मोजले.

त्या रविवारी मास्तरांनी तुकडा तिसऱ्यांदा मागे घ्यायला लावला. वेटर वाकला, त्याचे ओठ हलले, आणि व्हायोलिनांच्या खालून कोणीतरी म्हणालं, "फोकस."

बॅटरीकाका सवयीने म्हणाले, "हो, करतो." आणि मग थांबले.

चित्र खरंच जरा धूसर होतं. मी उठून भिंग फिरवलं. मग चौघंही बाबांकडे वळलो. बाबा भिंतीकडे बघत होते आणि त्यांचं तोंड मिटलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी हेडफोन लावून तो तुकडा सहा वेळा ऐकला. नुसती व्हायोलिनं. पुढच्या रविवारी मी फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवून बसले. वेटर वाकला आणि स्वच्छ आवाज आला, "बॅटरी, खोकायचं तर बाहेर जाऊन खोक."

बाबांचा आवाज. किंचित घोगरा, शेवटचा शब्द खाली टाकणारा. मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. मी लहान मुलीसारखी तोंडावर हात दाबून बसले.

रेकॉर्डिंगमध्ये मास्तरांचं "इथे, इथे" आहे. काकांचा खोकला आहे. मावशींची किंकाळीही आहे. तो आवाज तेवढा नाही.

एकाच वेळी चौघांना एकच भास कसा होईल, याची मी तीन दिवस मांडणी करत होते. बाकीच्यांनी असला ताप करून घेतला नाही. मावशी म्हणाल्या, "अगं, चाळीस वर्षं हॉस्पिटलात काढली मी. कारण कळलं नाही म्हणून बरा झालेला पेशंट परत पाठवतो का आपण?" आणि बॅटरीकाका तर पुढच्या रविवारी घरून प्रश्नच घेऊन आले.

त्यांचं आणि बाबांचं एक जुनं भांडण होतं. एका मोठ्या सिनेमाच्या पहिल्याच खेळाला चौथ्याच्या जागी शेवटचं रीळ लागलं आणि मध्यंतराआधीच नायक-नायिकेचं लग्न झालं. प्रेक्षकांनी खुर्च्या मोडल्या. रिळं वर पोचवायचं काम काकांचं, त्यामुळे ठपका त्यांच्यावर आला. काका बाबांच्या खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले.

"आता खरं सांग. रीळ कोणाच्या हातून चुकलं?"

मी तुकडा लावला. वेटर वाकला.

"माझ्या. तू शेजारी बसून कसलीशी गोष्ट रंगवून सांगत होतास, मी ऐकत राहिलो."

काका आधी लालबुंद झाले, मग इतके हसले की त्यांना पाठ चोळून द्यावी लागली. बाबांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यानंतरचे तीन रविवार आमच्याकडे नुसता धुमाकूळ होता. मास्तरांनी विचारलं, "सातवं व्हायोलिन खरंच ऐकू येतं का हो?" उत्तर आलं, "इथून येतं. जरा बेसूर आहे." मास्तर चार दिवस फुगून बसले आणि पाचव्या दिवशी व्हायोलिन घेऊन रियाजाला लागले. मावशींनी खळीवाल्याबद्दल काय विचारलं ते त्यांनी आम्हाला ऐकू दिलं नाही. आम्हाला फक्त उत्तर कळलं, "मान वाकडीच होती." जिन्यात शेजारी थांबून विचारायचे, "काय हो, लग्न आहे का घरात?"

'इथून येतं' हे शब्द माझ्या मनात राहिले. इथून म्हणजे कुठून?

मी माझा प्रश्न पुढे ढकलत होते. शेवटी एका रविवारी मंडळी यायच्या आधीच, तीन वाजता, मी पडदे ओढले. बाबांचा लुळा हात हातात घेतला.

"बाबा, कुठे दुखतं का तुम्हाला?"

व्हायोलिनं सुरू झाली. वेटर आला, वाकला.

"दुखत नाही गं चिमे. नुसतं उभं राहून राहून पाय भरून येतात."

बाबा तर खुर्चीत बसले होते. गेली दोन वर्षं बसलेलेच होते.

मी तुकडा मागे घेतला. घाईत दोनदा चुकला.

"मग या ना परत. बाबा, परत या ना!"

वेटर वाकला. या वेळी तो वाकलेलाच राहिला. अकरांतले पाच सेकंद तरी.

"हा ट्रे कोणाच्या तरी हातात द्यावा लागेल."

मी प्रोजेक्टर बंद केला. मंडळी आली तेव्हा म्हटलं, आज मशीन बिघडलंय. पत्ते खेळलो. मावशी जिंकल्या, त्यांनी लबाडी केली होती.

पुढच्या गुरुवारी सकाळी बाबा बोलले.

मी स्वयंपाकघरात होते. मागून कोणीतरी म्हणालं, "नमस्कार. हवा छान आहे आज."

ते दारात उभे होते, ताठ. उजवा हात पोटाशी दुमडलेला, पण जिवंत. बोटं हलत होती. मी जी रडत सुटले ती तासभर थांबले नाही. मावशी पदर खोचून धावत आल्या. काकांनी पेढे आणले असते, पण दुकान उघडेपर्यंत त्यांना दम निघेना, म्हणून येताना हातात सापडली ती केळी घेऊन आले. मास्तरांनी सातव्या व्हायोलिनाचा तुकडा वाजवून दाखवला. बाबांनी मान लववून टाळ्या वाजवल्या, दोन्ही हातांनी.

आवाज मात्र वेगळा होता. पातळ, स्वच्छ, प्रत्येक अक्षर सुटं. घोगरेपणा नावाला नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झटक्यानंतर आवाज बदलतो, शब्दांची ढब बदलते, कुठे बिघडतंय? बरोबरच आहे. मीही गिऱ्हाइकांना सांगतेच की, नव्या चष्म्याची सवय व्हायला आठ दिवस लागतात.

बाबा आता मला 'ताई' म्हणतात. थिएटरच्या गोष्टी निघाल्या की हसतमुखाने ऐकतात, पाहुण्यासारखे. रिळाचा किस्सा काकांनी पुन्हा सांगितला तेव्हा त्यांनी विचारलं, "अरे वा! मग पुढे काय झालं?" काका माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना केळं दिलं.

बैठक चालू आहे. बाबांची तब्येत उत्तम, घर हसतंखेळतं. जहाजाचा सिनेमा तेवढा कोणी लावा म्हणत नाही. मी एकदा दुपारी एकटीने लावला. वेटर आला, वाकला, निघून गेला. ओठ हलले नाहीत. पण जाताना त्याने एकदा वर पाहिलं, कॅमेऱ्याच्याही वर, जिथून उजेड येतो तिथे. मी बंद केला.

एक बारीकशी सवय त्यांना लागली आहे. वाक्य बोलून झालं की बाबा जागच्या जागी थांबतात आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहतात, कोणी 'कट' म्हणायची वाट बघावी तसे. मी "झालं" म्हटलं की पुढचं काम करतात. मला हे उशिरा लक्षात आलं, आणि गंमतच वाटली. आता दिवसातून पन्नासदा माझ्या तोंडून आपोआप निघतं, "झालं, बाबा."

काल सकाळी निघायची घाई होती. बाबा खिडकीशी कप घेऊन उभे होते. म्हणाले, "संभाळून जा, ताई." मी "हो" म्हणून दार ओढून घेतलं.

संध्याकाळी साडेसहाला परत आले. बाबा खिडकीशीच होते. कप ओठांपासून दोन बोटांवर. चहावर जाड साय धरली होती, त्यात एक माशी मरून पडली होती. चेहऱ्यावर सकाळचंच हसू होतं.