पाच जानेवारीची चिठ्ठी

"काका जाऊन सुतकाचे एकोणपन्नास दिवस व्हायचेत, आणि हा पुतण्या त्यांच्या तसबिरीपुढे पाय पसरून बसतो! वर म्हणतो, चहा थंड आहे!" उमेनोबाई फणफणल्या.

"पाय जाऊ द्या हो, बाई. इथं कारखाना जातोय," निवृत्त हवालदार मोरिवाकी म्हणाले.

जपानातल्या आइझूत कुणाच्या घरात काही गडबड झाली की लोक आधी या म्हातारीला बोलवत, मग पोलिसांना.

वारलेल्या नागासेंची विधवा सून शिझुनो तिसावर वर्षं त्यांच्या कारखान्यात वाडग्यांवर लाखेचे हात देत आली होती. आता पुतण्या कियोताकाने नागासेंची जुनी चिठ्ठी पुढे केली होती: 'माझ्यामागे कारखाना धाकट्या भावाचा व त्याच्या मुलाबाळांचा.' खाली शिक्का आणि तारीख: हेइसेई सनाचं पहिलं वर्ष, ५ जानेवारी.

"अक्षर मामंजींचंच वाटतं," शिझुनो पुटपुटली.

"तेव्हा तू या घरात होतीस?"

"नाही. आठ तारखेला लग्न ठरलेलं. आदल्या दिवशी सम्राट गेले. मेजवानी रद्द झाली. लग्न लागलं एप्रिलात."

मग ऐंशी वर्षांचा कारकून गेन्पाची आला. मालकाचं अक्षर तो हुबेहूब काढायचा.

"त्या जानेवारीतलं काय आठवतं?"

"गिऱ्हाइकांसाठी 'शोवा ६४'ची शंभर कॅलेंडरं छापलेली. आठवड्यात सम्राटाबरोबर सनही बदलला, सगळी रद्दी! मालक महिनाभर हळहळत होते."

शेवटी कियोताका. बाईंनी त्याला चिठ्ठीतलं साल विचारलं.

"एकोणीसशे एकोणनव्वद म्हणजे हेइसेई पहिलं. भिंतीवर सनांचा तक्ता आहे की, आजी. वाचता येतं ना?"

"येतं, पोटापुरतं. तुझा जन्म?"

"हेइसेई आठ, म्हणजे शहाण्णव."

मोरिवाकी कानाशी लागले. "कारकूनच. दुसऱ्या कुणाला ते अक्षर जमेल?"

"काचेखाली दिवा धरला की कुणीही गिरवेल. बोलवा सगळ्यांना."

सगळे तसबिरीपुढे जमले. बाईंनी चिठ्ठी चटईवर ठेवली.

"सम्राट गेले सातला. हेइसेई हे नव्या सनाचं नाव कळलं त्याच दुपारी, लागू झालं आठपासून. पाच तारखेला सम्राट जिवंत होते, शोवा चौसष्ट चालू होतं. मग जे नाव कुणाला ठाऊकच नव्हतं, ते नागासेंनी लिहिलं कसं?"

मोरिवाकींनी आ वासला. "पण गेन्पाची…"

"ज्याची शंभर कॅलेंडरं रद्दीत गेली, तो हे विसरेल? शिझुनोचं तर लग्न एप्रिलावर गेलं. ही चूक ज्याने तो आठवडा पाहिलाच नाही त्याची. तक्ता वर्ष सांगतो, दिवस नाही."

कियोताकाने पाय आखडून घेतले.

"आता आवरतोस होय रे पाय?" उमेनोबाई त्याच्याकडे वळल्या. "जिवंत सम्राटाला दोन दिवस आधी मारलंस, आणि मेलेल्या काकाला लिहायला लावलंस. शिझुनोपुढे कपाळ टेक आणि चालता हो. चहा थंडच मिळायचा तुला, जाशील तिथे!"