रुमालाखालचा सौदा

यातला एक शब्दही पदरचा नाही. ज्यांच्या बाबतीत हे घडलं ती माणसं आजही कोल्हापुरात, शाहूपुरीत राहतात. दुकान चालू आहे, शटर रोज उघडतं. फरक एवढाच, की या विषयावर नवरा तोंड उघडत नाही आणि बायकोला तो विषय सोडवत नाही.

फेब्रुवारी २००२. शनिवार.

वेळ दिवेलागणीची. ठिकाण पणजी, मांडवी नदीत उभी असलेली जुगाराची बोट.

संगमेश पाण्याचे पंप विकायचा. ज्यांनी जास्त पंप खपवले त्यांना कंपनीनं गोव्याची दोन दिवसांची सहल दिली होती. हॉटेल फुकट, बोटीवर प्रवेश फुकट, जेवण फुकट. फुकट हा शब्द तिसऱ्यांदा कानावर पडल्यावर त्याची बायको पवित्रा बॅग भरायला उठली. भाजीवाल्याकडून कोथिंबीर वर मागून घ्यायची आणि ती जून आहे म्हणून बदलूनही घ्यायची, अशातली ती बाई.

नऊ वर्षांच्या लेकीला, शांभवीला, आजीजवळ ठेवलं. आजी म्हणजे संगमेशची आई, बसम्मा. तिला सांगितलं, कंपनीची मीटिंग आहे.

"मीटिंगला बायकू कशाला लागती रं संगू?"

"जोडीनं आल्याशिवाय जेवाण देत न्हाईत आई."

बसम्मानं दोघांकडं एकदा बघितलं आणि शेंगा फोडायला घेतल्या. तिला पटलं नव्हतं. पण पोरगी जवळ राहणार म्हणून ती खूश होती.

पणजीत संध्याकाळी लहान होडीनं त्यांना बोटीवर सोडलं. आत पाय रुतेल असा गालिचा. मोठाले दिवे. खिडकी एक नाही, घड्याळ एक नाही. बाहेर दिवस आहे की रात्र, कळायची सोयच नव्हती. पवित्रानं लगेच ताडलं, गिऱ्हाईकाला उठू द्यायचं नसलं की घड्याळ लावत नाहीत.

संगमेश चक्राच्या टेबलाला बसला. चक्र फिरायचं, त्यावर पांढरी गोळी पळायची, टक् टक् करत एका आकड्यात पडायची. त्या आकड्यावर ज्याची टोकनं असतील तो जिंकला. संगमेशची टोकनं नेमकी शेजारच्या आकड्यावर असायची.

"झालं की. उठा आता," पवित्रा त्याच्या मागं उभी राहून म्हणाली. "जेवाण फुकट हाय, तिकडं वसूल करू."

"थांब गं. आप्पा म्हणायचे, बाजारात आदी नुस्तं बघायचं असतंय."

"आप्पा बैल इकत हुते. हितं बैल तुम्ही हाय."

आप्पा म्हणजे संगमेशचे वडील, अण्णाप्पा. वडगावच्या बैलबाजारातले नावाजलेले दलाल. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. त्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात घालणार, एकमेकांची बोटं धरून आकडा सांगणार. भोवतीच्यांना पत्ता लागायचा नाही. कबूल असेल तर समोरच्याचा हात मुठीत आवळायचा. आवळला की सौदा झाला. मग मागं फिरणं नाही.

आप्पांचा उजवा अंगठा अर्धा होता. एका खोंडानं हिसका दिला आणि कासऱ्याच्या फासात तुटला. रुमालाखाली हात घातला की डोळे मिटूनही माणूस ओळखायचा, हा अण्णाप्पा.

टेबलाभोवती गर्दी होती. पण संगमेशच्या उजवीकडची खुर्ची रिकामी होती.

लोक तिच्यापाशी यायचे. पाठीवर हात ठेवायचे... आणि दुसरीकडं जायचे.

एक जाडा पाहुणा बसला. बसल्या बसल्या उठला. ओलं लागल्यासारखी पँट चाचपली. कोरडी होती. तो मागं न बघता लांब गेला.

संगमेशचं लक्ष नव्हतं. हरून हरून त्याला आता चेष्टा सुचत होती. त्यानं खिशातला रुमाल उजव्या हातावर पसरला आणि तो हात रिकाम्या खुर्चीवर धरला.

"बोला पावणं! हाय का कुणी गिऱ्हाईक?"

पवित्रा हसली. तोही हसला.

मग त्याचं हसणं... मध्येच थांबलं.

"काय झालं?"

रुमाल किंचित हलला. संगमेशनं डाव्या हातानं टोकनं उचलली आणि तेवीसवर ठेवली.

टक्... टक्... टक्.

तेवीस.

पुन्हा रुमाल हलला. चौदा. चौदाच आला.

पुन्हा. एकतीस. एकतीस.

टोकनांचा ढीग झाला. लोक वळून बघायला लागले. पवित्राला आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोला. मग तिची नजर रुमालाकडं गेली.

रुमालाखाली हात एक होता.

उंचवटे दोन होते.

"अहो..."

"आप्पा हायत," संगमेश पुटपुटला. त्याचे डोळे भरले होते. "आकडं सांगायलेत गं. पयल्यांदा दोन बोटं धरली, मग तीन."

पवित्राच्या अंगावर काटा आला, पण सासऱ्याचं नाव ऐकून तिनं हातही जोडले. आप्पांनी तिला लेकीसारखं वागवलं होतं. मेल्यावर पोराच्या हाताला धरायला आले असतील तर येवोत बापडे.

पण हिशोबी बाईचं डोकं गप्प बसत नाही.

"अहो, अंगठा बघा."

"आँ?"

"अंगठा अर्दा हाय का, चाचपून बघा."

संगमेशचा हात रुमालाखाली सावकाश सरकला.

थांबला.

"पुरा हाय," तो म्हणाला.

टेबलावर कुणीतरी जिंकलं. टाळ्या वाजल्या. या दोघांना काही ऐकू आलं नाही.

"सोडा हात."

"सुटंना."

"तुम्ही... मूठ आवळली न्हाईसा नव्हं?"

तो खाली बघत राहिला.

"अहो, आवळली काय?"

"आप्पा वाटलं म्हणून आवळली. मगाशीच. पयला आकडा आला तवा."

"सौदा कशाचा केला?"

"इचारलंच न्हाई."

पवित्रानं मनातल्या मनात घर धुंडाळलं. दुकान बँकेकडं गहाण. गाडी जुनी. दागिने अंगावर होते तेवढे. रुमालाखाली हात घालून कुणी मागावं असं त्यांच्या घरात काय होतं?

एकच होतं. ते आजीजवळ झोपायचं.

तिनं गळ्यातलं इष्टलिंग डाव्या मुठीत घट्ट धरलं.

"आप्पांच्या बाजारात सौदा मोडायचा कसा?"

"इसार परत करायचा. बाजार उठायच्या आत." विसार म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम. संगमेशनं ढिगाकडं बघितलं. "ह्योच इसार."

"मग हरा! समदं हरा!"

आयुष्यात पहिल्यांदा बायकोनं हरायला सांगितलं होतं आणि त्याला ते जमेना.

त्यानं निम्मा ढीग शून्यावर ढकलला. शून्य आलं.

सात आकडा त्याला कधीच लाभला नव्हता. सातवर ठेवला. सात.

रुमाल आता हलतही नव्हता. खालच्याला काही सांगायची गरज उरली नव्हती. लोक टाळ्या पिटत होते. एक पोरगी संगमेशच्या आकड्यावर स्वतःची टोकनं ठेवायला लागली. चक्र फिरवणारा माणूस घाम पुसत होता. संगमेशचा चेहरा मात्र मयताला आल्यासारखा.

"काय नशीब आहे हो साहेबांचं!" शेजारचा कुणीतरी पवित्राला म्हणाला.

आणि परत जाणाऱ्या होडीचा भोंगा वाजला.

बाजार उठत होता.

पवित्रा पुढं झाली. रिकामी खुर्ची ओढली... आणि तिच्यात बसली.

बैलबाजारात बाई कधी गेली नव्हती. रुमालाखाली हात घालणं तर लांबच. तिनं सगळी टोकनं ओंजळीनं गोळा केली. पदरात भरली. आणि दोन्ही हात रुमालाखाली घातले.

हात सापडला.

ती सांगते, तो गार असता तर बरं झालं असतं. तो उबदार होता. खरबरीत, घट्टे पडलेला, रोजच्या कामातल्या माणसाचा हात. आणि त्या अत्तराच्या, थंड हवेच्या खोलीत तिला कडब्याचा आणि शेणाचा वास आला.

तिनं नवऱ्याचं एकेक बोट सोडवलं. मग पदरातली टोकनं त्या दुसऱ्या तळव्यात ओतली. ओतत राहिली. तळवा भरत नव्हता.

"सौदा मोडला," ती म्हणाली. "ऐकलंसा? मोडला."

मग त्या हातानं तिच्या हातावर हळूच थोपटलं. गिऱ्हाईक हातचं गेलं तरी मुरलेला दलाल थोपटतो तसं. पुन्हा भेटूच, असं.

तिनं रुमाल ओढला.

खाली संगमेशचा हात. बोटं पांढरी पडलेली. टोकन एकही नव्हतं. गालिच्यावर नाही, टेबलाखाली नाही. लोकांना वाटलं, बाईनं पदरात घातली.

हॉटेलवर पोचताच तिनं घरी फोन लावला. रिंग वाजत राहिली. वाजत राहिली...

कुणीतरी उचलला.

"अत्ती? अत्ती, मी पवित्रा. शांभवी झोपली काय?"

मग लांबून आवाज आला. घुंगरांचा. बैलानं मान झटकल्यावर गळ्यातली घुंगरमाळ वाजते तसा.

शाहूपुरीतल्या त्या घरात बैल कधीच नव्हता.

फोन कट झाला. परत लागला नाही.

सहलीचा दुसरा दिवस फुकट होता, तो तसाच टाकून दोघं निघाली. गगनबावड्याचा घाट चढताना उजाडत होतं आणि धुकं एवढं, की गाडीच्या नाकापुढचं दिसेना. संगमेश डाव्या हातानंच गाडी चालवत होता. उजव्यात जीव नव्हता.

घर आलं. दार उघडं होतं. शांभवी सोप्यात बसून दूध-चपाती खात होती.

पवित्रानं तिला असं कवटाळलं, की वाटी सांडली.

"अगं, काय झालं?" बसम्मा आतून आली. "मीटिंग लौकर सपली?"

"अत्ती, राती फोन का ठेवला?"

"फोन वाजलाच न्हाई की."

संगमेश मटकन कट्ट्यावर बसला. बसम्मानं त्याच्याकडं बघितलं आणि तिला काहीतरी आठवलं.

"संगू, काल कुणाला लावून दिलतास रं? दिवं लावायच्या टायमाला एक पावणा आलता."

पवित्रानं शांभवीला आणखी जवळ ओढलं.

"धोतर, पटका. आप्पांच्या बाजारातला असंल म्हणून मी च्या टाकला. म्हणाला, संगमेशचं आन् माझं ठरलंय, पोरीला बघायला आलोय. मला वाटलं, सोयरीक काढतोय काय मेला, पोरगी केवढी! त्यानं तिला अंगणात चालवली. हिकडनं तिकडं. मग म्हणाला, आ कर बाळ."

"अत्ती..."

"दात बघितलं तिचं. बोटानं ओठ वर करून. मी म्हटलं, डाक्टर हाय काय तुम्ही?" बसम्मा आता हळू बोलायला लागली होती. सांगता सांगता तिलाच काहीतरी कळत होतं. "मग मधीच उठला. कुणी हाक मारल्यागत. च्यासुदिक घेतला न्हाई. मुठीत कसल्यातरी रंगीत चकत्या हुत्या, त्या खुळखुळवत गेला."

"काय बोलला काय जाताना?" संगमेशनं विचारलं.

"म्हणाला, अजून आदत हाय. जुळली की येतो."

बैलबाजारात ज्याचे दुधाचे दात पडायचेत त्या खोंडाला आदत म्हणतात. सगळे पक्के दात आले, की तो जुळला. आप्पांच्या घरातल्या चौघांनाही हे सांगावं लागत नव्हतं. शांभवीसुद्धा खाली बघून चपाती चिवडत होती.

ही गोष्ट सांगतोय ते साल २००९. संगमेशच्या उजव्या हाताला अजून गरम-गार कळत नाही. डॉक्टरांनी शीर दबली म्हणून सांगितलं. वडगावच्या बाजाराच्या दिवशी तो दुकान उघडतो, पण दारातच बसून राहतो. गिऱ्हाईकानं हात पुढं केला तर लांबूनच नमस्कार करतो.

शांभवी अकरावीला आहे. हुशार आहे, बोलकी आहे. तिला त्या संध्याकाळचं एवढंच आठवतं, की पाहुण्याच्या बोटाला शेणाचा वास होता.

पवित्रानं राजारामपुरीतल्या दातांच्या डॉक्टरला किती वेळा विचारलं असेल, याचा हिशोब त्याच्याकडंच असेल. तो हसतो. म्हणतो, बाई, अक्कलदाढा राहिल्यात, बाकी सगळे आले. काहींना त्या येतच नाहीत, काळजी कशाला करता.

त्या येऊच नयेत, एवढंच मागणं पवित्रानं देवापुढं ठेवलंय.

परवा जेवताना शांभवीनं घास तसाच ठेवला. गालावर हात धरला.

"आई," ती म्हणाली, "मागं, पार शेवटाला... ठणकायलंय गं."