तीन पेल्यांचं रहस्य

"थांबवा! थांबवा! परत ओकला!" चढाच्या मध्यावरून छोटा शेपूट बेंबीच्या देठापासून ओरडला.

ड्रायव्हरदादांनी करकचून ब्रेक दाबला आणि इंजिन बंद केलं. छोट्या ट्रॅक्टरच्या पोटाखालून हिरवट, गरम पाणी रस्त्यावर सांडत होतं. मागे तळ्यावरून भरून आणलेली टाकी, पुढे अर्धा चढ आणि माथ्यावर मावशीची रोपवाटिका. तिथली विहीर आटल्यापासून रोपांचा जीव या टाकीवर टांगलेला होता.

"आता गार होईपर्यंत बसा!" दादा कपाळाला हात लावून म्हणाले. "आधी दिवसाला चार खेपा व्हायच्या. आता एक होते, तीसुद्धा रडतखडत."

भिंगरीने चाकाखाली दगड सरकवला. तिचे पाय एका जागी ठरत नसत, म्हणून तिचं हे नाव. सुट्टी लागल्या लागल्या ती धाकट्या भावाला, म्हणजे कायम तिच्या मागे असणाऱ्या शेपटाला, घेऊन मावशीकडे आली होती. ट्रॅक्टरच्या बाजूने चालताना तिची नजर सहज तापमानाच्या काट्यावर गेली होती.

"दादा, बंद करण्याआधी काटा मधोमध होता. इंजिन तापलेलं नव्हतंच!"

"काट्याचं काय घेऊन बसलीस, बाई? पाणी वाहताना दिसतंय ना डोळ्यांनी? असाच रेटला तर इंजिनच बसेल!"

टाकी वर पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मावशी वाफ्यांमधून पेल्यापेल्याने पाणी घालत फिरत होती. कुठल्या रोपाला पाजायचं आणि कुठलं सोडून द्यायचं, हे तिला ठरवावं लागत होतं. शेवटच्या रांगेतल्या रोपांनी माना टाकल्या होत्या. मावशी त्यांच्यापाशी थांबली, पेला रिकामा होता, टाकीही संपली होती आणि तिथेच खाली बसून ती रडायला लागली. मावशीला रडताना भिंगरीने कधीच पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात काका फोन बंद करत आले. "मेकॅनिक म्हणतो, पाणी बाहेर फेकतोय म्हणजे इंजिनाच्या जोडातली गॅस्केटची पट्टी फाटली. उद्या दुपारी ट्रॅक्टर न्यायला गाडी आणतोय. इंजिन उघडायचं म्हणजे आठ-दहा दिवस गेले."

"आठ-दहा दिवस?" मावशी डोळे पुसत म्हणाली. "दोन दिवसांत इथे काड्या उरतील काड्या! बियांपासून वाढवलीत मी ती."

काकांनी फोन खिशात टाकला आणि ते शेडकडे वळले. तसंही या घरात कोणी फार बोलत नसे. 'काम करावं, बोलून दाखवू नये' हा काकांचा बाणा होता आणि तो सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता.

संध्याकाळी तिघं मुलं शेडमध्ये जमली. तिसरा म्हणजे मावशीचा मुलगा, प्रोफेसर. जे दिसेल ते उघडून बघायची त्याला खोड होती.

"मेकॅनिकने ट्रॅक्टर पाहिलाय कुठे? फोनवरच निदान!" प्रोफेसर फणकारला. त्याने तेलाची पट्टी बाहेर काढली. "हे बघ, गॅस्केट फाटलं की बऱ्याचदा पाणी तेलात मिसळतं आणि तेल दुधाळ होतं. हे तर काळंभोर आहे!"

शेपटाने रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. भिंगरीने तो खस्सकन मागे ओढला. "गरम असताना ते उघडायचं नसतं! वाफेने तोंड भाजेल!"

रेडिएटरशेजारी एक प्लॅस्टिकची बाटली होती. इंजिन तापलं की जादा पाणी तिच्यात येतं आणि गार झालं की परत आत ओढलं जातं. पण बाटलीवर चिखलाचा इतका थर बसला होता की आतलं काहीच दिसेना. भिंगरीने फडक्याने घासली, तशा दोन रेघा उघड्या पडल्या. एक खाली, एक वर. आणि पाणी? वरच्या रेघेच्याही वर!

"अरे, आज एवढं सांडलं, तरी ही भरलेली? कोणीतरी भरतंय!"

"भूत!" शेपूट म्हणाला.

"भूत कशाला पाणी भरेल? त्याला काय रोपं लावायचीत?"

प्रोफेसरने पाण्याच्या पातळीवर पेनाने खूण केली. पहाटेच्या अंधुक उजेडात तिघं शेडमधल्या रिकाम्या पोत्यांमागे दडून बसली.

आधी ड्रायव्हरदादा आले. इकडेतिकडे बघत त्यांनी बाटलीत पेलाभर पाणी ओतलं आणि डिझेलचा डबा आणायला बाहेर गेले. मग काका चोरपावलांनी आले, त्यांनीही एक पेला ओतला आणि निघून गेले. शेपटाला हसू आवरेना, म्हणून भिंगरीने त्याचं तोंड दाबून धरलं. शेवटी मावशी आली. तिने पेला रिकामा केला आणि स्वतःशीच पुटपुटली, "मी नाही बघितलं तर या घरात कोण बघणार!"

भिंगरीचं हसू एकदम विरून गेलं.

"भगोनं काठोकाठ भरून चुलीवर ठेवलं तर काय होईल?" तिने कुजबुजत विचारलं.

"उतू जाईल!" प्रोफेसर ताडकन उठला. "पाणी तापलं की फुगतं. बाटलीत जागाच नाही, मग ते जाणार कुठे?"

इंजिन रात्रभर गार झालं होतं, तरी पाणी कालच्या खुणेच्या वर होतं. रोपांना औषध द्यायच्या मोठ्या सिरिंजने त्यांनी बाटलीतलं पाणी उपसून डब्यात साठवलं. पातळी दोन रेघांच्या मध्ये आली, तोच फाटकाबाहेर हॉर्न वाजला. मेकॅनिक दुपारऐवजी सकाळीच हजर झाला होता!

"एक खेप!" भिंगरी ट्रॅक्टरपुढे आडवी उभी राहिली. "फक्त एक खेप करू द्या! नाही जमलं तर खुशाल घेऊन जा!"

"पोरी, बाजूला हो. हा खेळ नाही," मेकॅनिक म्हणाला.

"ती रोपंसुद्धा खेळ नाहीत!" तिला रडू फुटलं. "काका, तुम्ही पहाटे बाटलीत पाणी घातलंत ना? दादांनीही घातलं, मावशीनेही घातलं! कोणी कोणाला सांगितलंच नाही!"

हॉर्न ऐकून जमलेल्या तिघा मोठ्यांनी चमकून एकमेकांकडे पाहिलं.

"पहिल्यांदा खरंच तापला होता," दादा ओशाळून म्हणाले. "पुढच्या जाळीत पाचोळा अडकलेला. तो मी त्याच दिवशी साफ केला. पण बोलून कशाला दाखवायचं, म्हणून..."

"ट्रॅक्टर तळ्यावर न्या," काका म्हणाले. "दादा, काट्यावर नजर ठेवा. जरा वर गेला की बंद करा."

तळ्यावर टाकी भरली. चढ सुरू झाला. मुलं रस्त्याच्या कडेने धावत होती. कालची जागा आली आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांपाशी टपटप पाणी पडू लागलं!

"गेलं!" शेपूट किंचाळला.

प्रोफेसरने वाकून बघितलं. "टाकीचा नळ गळतोय रे! साधं पाणी आहे हे!"

"काटा मध्यावर!" दादा वरून गरजले. ट्रॅक्टर धडधडत माथ्यावर पोचला. वर आल्यावर मेकॅनिकने बाटली निरखून पाहिली. पाणी चढलं होतं, पण वरच्या रेघेखालीच थांबलं होतं. त्याने तेलाची पट्टीही तपासली आणि मान डोलावली.

"गॅस्केट शाबूत आहे. मी न बघताच बोललो, चूक माझी. पण साधं पाणी घालून इंजिन गार ठेवणारं हिरवं कूलंट पातळ केलंय तुम्ही, ते नीट बदलून देतो. गार असताना वरच्या रेघेपर्यंतच भरायचं, समजलं?" हे शेवटचं तो मोठ्यांकडे बघून म्हणाला.

संध्याकाळपर्यंत चार खेपा झाल्या. शेवटची रांग मात्र वाचली नाही. पण बाकीच्या रोपांनी माना वर काढल्या. मावशीने तिघांना कुशीत घेतलं. "डोकं चालवलंत रे पोरांनो! मला वाटायचं, काळजी करणारी मी एकटीच."

"मलाही तसंच वाटायचं," काका हळूच म्हणाले. "शाबास, भिंगरी! माझा बाणाच चुकीचा होता बघ."

दुसऱ्या दिवशी पहाटे भिंगरीला जाग आली ती शेडमधून आलेल्या खणखणीत हाकेने. आयुष्यात पहिल्यांदाच काका आपलं काम बोलून दाखवत होते.

"ऐका हो सगळे! बाटली मी बघितली! पाणी वरच्या रेघेपर्यंत आहे! कोणीही भरू नका!"