सेन्सरखालचं वॉशर

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण साक्षीदार घरातच आहे. गोष्टीतली मुलगी ती बघा, खिडकीपाशी बसून शर्टाला बटण लावतेय. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर ती ओरडेल. अजून ओरडलेली नाही, म्हणजे सगळं खरं.

तर तिला तेव्हा ठिणगी म्हणत. एक तर ती गॅरेजमध्ये वेल्डिंग करायची, आणि दुसरं, बोलायचीही तशीच. तिने जोडलेल्या नळीतून मुंगीचा उसासासुद्धा बाहेर पडत नसे.

त्याच गॅरेजात एक तरुण नवा लागला. इंजिनाला किती हवेमागे किती पेट्रोल द्यायचं, ते हा लॅपटॉपवर ठरवायचा. बोलायला तोंड उघडलं की आकडा बाहेर यायचा, म्हणून पहिल्याच दिवशी त्याचं नाव पडलं आकडोबा.

दोघांची भेट झाली ती गाडीखाली. एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या चिमुकल्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन बसवून घेतलं होतं. धुराची नवी नळी ठिणगीने केली होती, त्या नळीत सेन्सर बसवायचं काम आकडोबाचं. हा डावीकडून सरपटत शिरला, ती उजवीकडून. मधोमध दोघांची डोकी आपटली.

"दिसत नाही का?"

"दिसतंय की," तो कपाळ चोळत म्हणाला. "आत्ता कुठे... नीट दिसतंय."

तिने हसू दाबलं. त्याने तांब्याचं पातळ वॉशर पुढे केलं, सेन्सरच्या बुडाशी बसवायचं. तिच्या एका हातात नळी, दुसऱ्यात पाना. हरवू नये म्हणून तिने ते बोटात सरकवलं.

"दिवसभर आकडेच बघतोस?"

"रोज. आज नाही."

त्यापुढे सेन्सर कुणी फिरवला, कुणी आवळला, दोघांनाही सांगता आलं नसतं.

आणि तिथून गाडी बिघडली. सेन्सरचं काम धूर हुंगायचं. हवा जास्त की पेट्रोल जास्त, ते सांगायचं. हा सेन्सर म्हणे, पेट्रोल कमी! आकडोबाने वाढवलं. तरी म्हणे, कमी! आणखी वाढवलं. गाडी खोकू लागली, मागून काळा धूर, पेट्रोलचा वास पार रस्त्यापर्यंत. शेवटी त्याने प्लग काढून पाहिले, तर काजळी धरलेली. म्हणजे भरपेट जेवून हात धुतलेला पाहुणा पुन्हा ताटावर बसून 'उपाशी आहे' म्हणत होता.

आकडोबाला अर्थ कळला. सेन्सरच्या आधीच कुठून तरी बाहेरची हवा नळीत शिरतेय, सेन्सर बिचारा तीच हुंगतोय. आणि सेन्सरच्या आधी होतं काय? नुसते ठिणगीचे जोड!

तो लॅपटॉप घेऊन बसला. रोज आपलेच आकडे खोडायचा, पुन्हा लिहायचा, चूक आपल्याच पदरात पडावी म्हणून. डॉक्टरीणबाई एकदा चौकशीला येऊन दोघांकडे बघतच राहिल्या. "गाडी माझी आहे ना रे? की तुमच्या गप्पांची?"

त्या गेल्या तशी ठिणगी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सारखा काय खोडतोस?"

"माझं... चुकतंय कुठेतरी."

"मग काळा प्लग खिशात का लपवलास? माझा जोड गळतोय, हेच ना?"

"मी कुठे म्हणालो?"

"नको म्हणूस. आपण बघूच. गळत असला तर उद्यापासून मी भावाच्या दुकानात खिडक्यांच्या जाळ्या जोडत बसेन. इथे परत पाऊल नाही!"

आणि ठिणगी बोलली की करायचीच. आकडोबाचा चेहरा प्लगपेक्षा काळवंडला.

तिने व्हॅक्यूम क्लीनर उलटा जोडून धुराच्या नळीत मागून हवा सोडली. मग साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन स्वतःच गाडीखाली शिरली. हा शेजारी आडवा, टॉर्च धरून. गळत असेल तिथे बुडबुडा येणार. पहिला जोड... काही नाही. दुसरा... काही नाही. टॉर्चचा उजेड जोड सोडून भलतीकडेच सरकला.

"नीट धर. घाबरलास?"

"जाळ्या... फार कंटाळवाणं काम असतं," तो पुटपुटला.

तिने ब्रश पुन्हा साबणात बुडवला. मग शेवटचा जोड. कोरडा ठणठणीत! आणि इतक्यात सेन्सरच्या बुडाशी एक बुडबुडा फुगला. लिंबाएवढा, नारळाएवढा, भोपळ्याएवढा झाला, आणि दारातून तरंगत बाहेर गेला. रस्त्यावरचं एक कुत्रं त्यात बसून समोरच्या गच्चीवर पोचलं. हसू नका, ते नंतर खाली यायलाच तयार नव्हतं.

सेन्सर खोलला. खाली वॉशरच नाही!

"वॉशर कुठाय?"

"तुला दिलं होतं," आकडोबा म्हणाला.

तिने सावकाश हातमोजा काढला. बोटात, काजळीखाली, तांबं चमकत होतं.

"इतके दिवस?"

"हातमोज्यात कोण बघतं?" ती म्हणाली, पण कान लाल झाले होते.

"काढ... बसवून टाकू."

तिने ओढलं. निघेना. साबण लावला, निघेना. त्याने धावत जाऊन ग्रीस आणलं, तरी निघेना. पक्कड लावली, तर पकडीचीच दातखीळ बसली! शेवटी आकडोबा खाली बघत म्हणाला, "राहू दे... तिथेच. गाडीला दुसरं देऊ."

"किती दिवस राहू दे?"

जन्मात पहिल्यांदा त्याच्याकडे आकडा नव्हता. तर मंडळी, असं ते वॉशर अडकलं, आणि केवळ त्यापायी त्या बिचारीला लग्नाला हो म्हणावं—

"थाप!" खिडकीपाशी सुई थांबली. "साबणानेच सुळकन निघालं होतं ते."

कोपऱ्यातल्या लॅपटॉपमागून एक चष्मा वर आला. "निघालं होतं?" आकडोबाने विचारलं.

"निघालं होतं," ती दोरा दातांनी तोडत म्हणाली. "तू ग्रीस आणायला पळालास ना, तेवढ्यात परत घातलं."