अर्ध्या ओळींची वही

"संत बार्बरा पोलिश खाणकामगार मंडळाची चिटणीस," ब्रोन्या नगरपालिकेच्या खिडकीशी म्हणाली, आणि तिच्या मागून कुणीतरी म्हणालं, "मीसुद्धा."

ती वळली. नोव्हेंबरचा पाऊस त्या तरुणाच्या केसांतून नाकावर ठिबकत होता, तरी तो हसत होता. भलताच निर्लज्ज!

"तुमच्या मंडळाला चिटणीस किती?" खिडकीतल्या बाईंनी वैतागून विचारलं.

"एक!" दोघं एकदम म्हणाले.

फ्रान्सच्या उत्तरेतल्या त्या खाणगावात पोलंडहून आलेल्यांचं खरोखर एकच मंडळ होतं... १९३१ पर्यंत. मग मिरवणुकीत निशाण कुणी धरायचं यावरून ब्रोन्याचे आजोबा वालेंती आणि या तरुणाचे, म्हणजे एडमुंडचे, आजोबा इग्नात्सी यांची अशी जुंपली की मंडळाची दोन शकलं झाली. वाटणी मात्र अगदी न्यायाने! सभागृहात मधोमध भिंत घातली. इतिवृत्ताची जाडजूड वही करवतीने उभी कापली. प्रत्येक पानाची डावी बाजू वालेंतींकडे, उजवी इग्नात्सींकडे. सत्तेचाळीस वर्षं दोन्हीकडे अर्ध्या ओळी जिवापाड जपल्या होत्या. आता याला काय म्हणावं?

आता खाण बंद झाली होती, आणि नगरपालिकेला सभागृह पाडून तिथे मोटारी उभ्या करायच्या होत्या. जागा तुमची असल्याचा पुरावा महिनाअखेर आणा, असं पत्र दोन्ही दारांना डकवलं होतं. खाण कंपनीच्या मूळ दानपत्राची नक्कल त्या वहीतच होती. ब्रोन्या दर शनिवारी त्या सभागृहात चाळीस मुलांना पोलिश आणि नाच शिकवायची. ते गेलं तर मुलांना घेऊन ती जाणार कुठे?

"तुमची अर्धी वही आणा," पायऱ्या उतरताना एडमुंड म्हणाला. "मी माझी आणतो. बेकरीत, मागच्या टेबलावर."

"आजोबांना कळलं तर —"

"माझे तर मला वाळीतच टाकतील. कॉफीत साखर घेता ना?"

ती डावी बाजू वाचायची, तो उजवी. त्यासाठी खांद्याला खांदा लावून बसणं भाग होतं... भागच होतं हो!

"'गायनाच्या तालमीला सभासदांनी —'" ब्रोन्याने वाचलं.

"'— पिऊन येऊ नये.'"

"'अध्यक्षांनी असेही सांगितले की —'"

"'— डाव्या बाजूच्या चिटणीसबाईंचे डोळे फार सुंदर आहेत.'"

तिने मान वळवली. "असं लिहिलंय?"

"ओल लागलीय पानाला. नीट दिसत नाही."

"चष्मा लावा."

"लावला तर अजून बरंच दिसेल. मग सगळंच वाचावं लागेल..."

ब्रोन्याने खसखशीच्या केकचा मोठा तुकडा तोंडात कोंबला, कारण हसू आवरत नव्हतं.

चौथ्या दिवशी दानपत्र सापडलं. "'ही जागा मंडळाला कायमची देत आहोत —'" तिचा आवाज आनंदाने चढला. "वाचा ना पुढचं!"

"'— मंडळ एक आहे तोवर,'" एडमुंडने हळूच वाचलं.

"संपलं. माझे आजोबा तुमच्या आजोबांबरोबर स्वर्गाच्या रांगेतसुद्धा उभे राहणार नाहीत."

"ब्रोन्या... पानं उलट. भांडणाचा दिवस काढ."

तो पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणाला होता. तिने दोन पानं एकदम उलटली, आणि पुन्हा एक मागे आली.

रविवारी दोघांनी आपापल्या आजोबांना गोड बोलून बेकरीत आणलं.

"हा इथे काय करतोय?" वालेंती गरजले.

"त्याला विचार, निशाण कुणाला मिळालं होतं!" इग्नात्सी म्हणाले.

"मला! माझ्या वहीत स्पष्ट लिहिलंय!"

"माझ्या वहीत मला!"

"दोन्हीकडे खरं आहे," ब्रोन्या म्हणाली. "तुम्ही दोघं तणतणत सभेतून निघून गेलात ना, त्यानंतरचा ठराव आहे हा. 'निशाण यंदा वालेंती यांनी धरावे, आणि पुढल्या वर्षी —'"

"'— इग्नात्सी यांनी,'" एडमुंडने पुरं केलं.

दोन्ही म्हाताऱ्यांनी अर्ध्या वह्या शेजारी सरकवून ती ओळ पुन्हा वाचली.

"इग्नात्सी," वालेंती शेवटी म्हणाले, "गाढव आहेस तू."

"आणि तू?"

"मी वर्षाने मोठा. मोठा गाढव."

इग्नात्सींनी त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली.

भिंत पाडायला सगळं गाव लोटलं. एकत्र झालेल्या मंडळाच्या कागदांवर नगरपालिकेने मुकाट शिक्का मारला. खाणकामगारांची रक्षणकर्ती संत बार्बरा हिच्या सणादिवशी दोन म्हाताऱ्यांनी "नीट धर रे" म्हणत निशाण मिळून मिरवलं, आणि मग अख्ख्या सभागृहात पहिली सभा भरली. ब्रोन्या इतिवृत्त लिहीत होती. आयत्या वेळचे विषय आले तेव्हा एडमुंड उभा राहिला.

"एका मंडळाला एकच चिटणीस लागतो," तो खाली बघत म्हणाला. "ब्रोन्याबाई माझ्याहून चांगल्या आहेत. दूर लिऑन शहरात, कारखान्यात मला काम मिळतंय... माझा राजीनामा नोंदवावा."

ब्रोन्याचं पेन थांबलं. 'तू'वरून पुन्हा ब्रोन्याबाई? आणि लिऑन?

"लिही गं," वालेंती म्हणाले.

"लिहिणार नाही."

"कारण काय?"

दोनशे तोंडं तिच्याकडे वळली. तिचे कान तापले. पण घाबरून गप्प बसायचं, तर एवढी भिंत कशाला पाडली?

"कारण मला तो हवाय."

"चिटणीस म्हणून?"

"चिटणीस म्हणूनसुद्धा."

सभागृहात एकच कल्ला उसळला. इग्नात्सींनी टेबलावरची घंटा बडवली. "शांतता! सूचक, ब्रोन्या. अनुमोदन कुणाचं?"

"माझं!" एडमुंड ओरडला. "दुसऱ्या कुणाचं चालणार नाही!"

"आणि लिऑनचं काय रे?" वालेंतींनी विचारलं.

"लिऑन? कुठे आलं ते?"

हात वर झाले. सगळ्यांत आधी, एकाच क्षणी, दोन आजोबांचे. ब्रोन्याने ठळक अक्षरांत 'एकमताने मंजूर' लिहिलं, त्याखाली दोन रेघा ओढल्या, पेन टाकलं आणि भर सभेत एडमुंडला मिठी मारली.