आप्पांच्या तोंडी भूपट्टसांरचनिकी

"भूपट्टसांरचनिकी! म्हण पाहू एका दमात!"

चैत्राली दूधभाताचे घास खायची, तेव्हाचा आप्पांचा तो खणखणीत आवाज अजून तिच्या कानात होता.

आप्पा तिचे आजोबा, भूवैज्ञानिक (पृथ्वीच्या पोटाचा अभ्यास करणारे). समुद्रतळाशी, याच काचेच्या सागरघरात ते काम करत. पण मेंदूच्या आजारानंतर ते बोलेनासे झाले. समजायचं सगळं, ओठ मात्र मिटलेले.

आज थोड्याच वेळात शाळाशाळांतली मुलं पडद्यावर येणार होती, आप्पांकडून पृथ्वीची गोष्ट ऐकायला.

"आप्पा नाही बोलले, तर मी बोलेन त्यांच्या आवाजात," झांज नावाचा यंत्रमानव म्हणाला. "जुनी ध्वनिमुद्रणं आहेत माझ्याकडे."

आप्पांनी चमचा आपटला.

"बघ, चिडले! उसना आवाज नकोय त्यांना," चैत्राली म्हणाली.

"मग शिकवतो. भू म्हणजे पृथ्वी. पट्ट म्हणजे तिच्या कवचाच्या अवाढव्य फरश्या. नखं वाढतात तितक्या सावकाश त्या सरकतात. सांरचनिकी म्हणजे त्या सरकण्यातून डोंगरदऱ्या कशा घडतात, त्याचा अभ्यास."

"अरे शहाण्या, अर्थ आप्पांना शिकवतोस? अडतंय ते तोंडात!"

"बरं ताई, तर मग शब्दावयव पाडू (श्वासाच्या एकेका धक्क्याला निघणारे तुकडे). एका तुकड्यात एकच स्वर. 'पट्ट' म्हणताना पहिला ट् मागे टेकतो, दुसरा पुढे निघतो. भू-पट्-ट-सां-र-च-नि-की. आणि च चंद्रातला हं, चांदणीतला नव्हे!"

आप्पांचे ओठ हलले नाहीत. पण त्यांचा डावा हात खुर्चीवर ठेका धरत होता. आठ ठोके, पुन्हा आठ.

चैत्राली उडालीच. "लेझीम! गणपतीत आप्पा गावच्या पथकात खेळायचे! झांज, बडबड पुरे. हलगी वाजव."

झांजने स्वतःचं पत्र्याचं पोट बडवलं. चैत्रालीने चमचे खुळखुळवले आणि शब्दाला चाल लावली, खाली, वर, खाली, वर.

"भू..." आप्पा गुणगुणले. "पट्... ट..."

अडले. तिच्या जिभेवर पुढचा तुकडा आला होता, तो तिने गिळला आणि नुसता ठेका चालू ठेवला.

"सां... र... च... नि... की!"

"असं कसं झालं?" तिने विचारलं.

"बोलण्याची वाट बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असते," झांज म्हणाला. "आप्पांची तीच मोडली. पण चाल आणि ठेका दुसऱ्या बाजूनेही जातात. म्हणून काहींना बोलता येत नाही, पण गाता येतं. रोज सराव केला, तर हळूहळू आणखी शब्द त्या वाटेने येतील."

पडदा उजळला. आप्पांनी शब्द गायला. मग मुलांनी बाकं बडवत तो असा उचलला की काचेबाहेरचे मासे पांगले.

मुलं गेल्यावर चैत्राली आप्पांच्या मांडीला टेकली. "आवाज होता ना तुमच्याकडे? मग का हो ओठ मिटून बसलात? एकदाही प्रयत्न केला नाहीत माझ्यासमोर."

आप्पांनी तिचा तळवा हातात घेतला. त्यावर हलकेच ठेका धरला.

"तू... हस... शील... म्ह... णून."