पाठीवरची नावं

तशी ईद पुन्हा झाली नाही. साथीच्या त्या वर्षी ती अलेक्झांड्रियातल्या दवाखान्यातच उजाडली. जुन्याजाणत्या नर्स इन्साफने पिठीसाखर भुरभुरलेल्या कहक बिस्किटांचा डबा आणला होता. समुद्रावरचा वारा खिडकीतून आत येत होता आणि नर्स पोरी ओठांना साखर माखून हसत होत्या.

साथीने कामाची रीतच बदलली होती. पूर्वी धोक्याची घंटा झाली की डझनभर माणसं खाटेकडे धावायची. आता आत चौघंच, नखशिखांत झाकलेली. चेहरे दिसत नाहीत म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर नाव. ते लिहायचं, चौघं मोजून आत सोडायची आणि दार राखायचं, हे काम साठीला टेकलेल्या, मधुमेही इन्साफकडे आलं होतं. पस्तीस वर्षं आत धावलेल्या बाईच्या ते जिवावर यायचं.

ईदच्या त्या सकाळी दहाला घंटा वाजली. सात नंबरची खाट.

"बयूमीकाका!" इन्साफ ओरडली.

अख्ख्या मजल्याला चहा पाजणारा माणूस, आता स्वतःच त्या खाटेवर. तिला बिनसाखरेचा देताना "घे म्हातारे, तुझ्यासारखाच कडू," म्हणायचा.

"डॉक्टर, आज मला आत येऊ द्या."

"गुमान दारात राहा, मिस इन्साफ," डॉक्टर हाझेम म्हणाले. "नाहीतर पुढची खाट तुमची."

तिने चार नावं लिहिली. चौघं आत गेली. दार लागलं.

काचेतून तिने मोजलं. पाच.

पाचवी काकांच्या छातीवर दोन्ही हात रोवून दाबत होती. न थांबता, न दमता. तिची पाठ दाराकडे होती.

पाठीवर लिहिलं होतं, इन्साफ.

अक्षर तिचंच होतं.

पडद्यावरची सपाट रेघ उसळली. आतून आरोळी आली.

दार उघडलं. बाहेर चौघंच आली.

"इतका वेळ छाती कोण दाबत होतं?" हाझेमनी विचारलं. प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं आणि सगळेच हसत सुटले. तिकडे लग्नघरात बायका मारतात तशा किलकाऱ्या पोरींनी मारल्या. इन्साफनेही मारली, रडत रडत.

वीस दिवसांनी काका चाकाच्या खुर्चीतून घरी निघाले. पुन्हा किलकाऱ्या, टाळ्या. दारापाशी त्यांनी खुर्ची थांबवायला लावली.

"म्हातारे, दोन बरगड्या मोडल्यास की गं माझ्या!"

"मी कुठे, काका? मी तर दारात उभी होते."

काकांचं हसू हळूहळू ओसरलं.

"अरेच्चा," ते पुटपुटले. "छाती दाबताना तूच म्हणालीस, दारातलीला सांगू नकोस. ती दारातलीही तूच होय!"